महायुद्धाची अखेरची हजेरी

दुसऱ्या महायुद्धात लढलेले भारतीय सैनिक आता शंभरीच्या उंबरठ्यावर उभे आहेत. बंगळुरूसारख्या पलटणींच्या शहरात या पिढीच्या खुणा जागोजागी आहेत. मात्र या सैनिकांना मिळते ते अनुदान. पेन्शनचा हक्क त्यांना कधीच मिळाला नाही. त्यांची राष्ट्रीय पातळीवरची गणतीही जाहीर होत नाही. काळाने दिलेली मुदत संपत आली असताना सरकारपुढे उरलेला प्रश्न पैशापेक्षा धोरणाचा अधिक आहे.

राजधानीत नोकरीनिमित्त स्थिरावलेले कित्येक मराठी अधिकारी तीन मूर्ती चौकातून रोज ये-जा करतात. तेथील तीन पितळी सैनिक कोणाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाला पडतो. हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर या तीन संस्थानांच्या घोडदळांचे ते प्रतीक आहेत. २३ सप्टेंबर १९१८ रोजी म्हैसूर व जोधपूरच्या भालाइतांनी हैफा शहर तुर्कांकडून जिंकले. त्या पराक्रमाची आणि त्या मोहिमेतील बलिदानाची आठवण म्हणून १९२२ मध्ये हे स्मारक उभे राहिले, आणि २०१८ मध्ये चौकाच्या नावाला 'हैफा' हा शब्द जोडला गेला. त्याच म्हैसूर लान्सर्सचे दुसरे स्मारक बंगळुरूच्या जे. सी. नगर भागात आहे. स्वातंत्र्यानंतर हे घोडदळ ग्वाल्हेर व जोधपूरच्या घोडदळांसह भारतीय लष्कराच्या ६१व्या कॅव्हलरीत विलीन झाले. हैफावर चाल करून गेलेल्यांपैकी आज अर्थातच कोणी हयात नाही.

पहिल्या महायुद्धातील अखेरच्या सैनिकांना युरोपने ज्या रीतीने निरोप दिला, तो येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये. लाझार पोंतिसेली हा फ्रान्सचा अखेरचा सैनिक मार्च २००८ मध्ये निवर्तला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत राष्ट्रीय सन्मानाने त्याला निरोप देण्यात आला. खंदकांत लढलेला ब्रिटनचा हॅरी पॅच २००९ मध्ये, अमेरिकेचा फ्रँक बकल्स व ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला क्लॉड चाउल्स २०११ मध्ये, आणि फ्लॉरेन्स ग्रीन ही ब्रिटिश वायुदलातील महिला २०१२ मध्ये गेली. यांतील प्रत्येकाची नोंद होती, वय ठाऊक होते, 'आता इतकेच उरले' याचा हिशेब दरवर्षी मांडला जात होता. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी पाठवणाऱ्या भारतात असा निरोपाचा क्षण कधी आलाच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत तो क्षण आता समोर आला आहे.

पलटणींचे शहर

संगणकाच्या शहराची ओळख मिळण्याआधी बंगळुरूची ओळख लष्करी छावणीची होती. श्रीरंगपट्टणच्या रोगट हवेला कंटाळलेल्या इंग्रज फौजेने १८०९ च्या सुमारास येथे छावणी वसवली. उल्सूर तलावाच्या परिसरातील मद्रास इंजिनिअर ग्रुप, म्हणजेच मद्रास सॅपर्स, आपली परंपरा १७८० पासून सांगतो. काटेरी तारांचे अडथळे उडवणारी स्फोटक नळी १९१२ मध्ये याच सॅपर्सच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने तयार केली. 'बेंगलोर टॉर्पेडो' या नावाने ती जगभर पोहोचली आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकी सैनिकांच्या हातीही तीच होती. या पलटणीचे सुभेदार सुब्रमण्यन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतील मिन्यानो येथे सहकाऱ्यांना वाचवण्यासाठी सुरुंगावर स्वतःला झोकून दिले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

युद्धाने या शहराचा चेहरा अन्य मार्गांनीही बदलला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. जपान युद्धात उतरताच सरकारने १९४२ मध्ये तिचा ताबा घेतला आणि पुढे अमेरिकी वायुदलाची विमाने दुरुस्त करणारे ते मोठे केंद्र बनले. आजचे एचएएल ते हेच. उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन युद्धकैदी जालहळ्ळीसारख्या भागांतील तळांवर ठेवले गेले. उलट, म्हैसूर संस्थानची पायदळ पलटण मलाया-सिंगापूरच्या आघाडीवर गेली आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले तेव्हा शत्रूच्या हाती सापडली. एकाच शहराने कैदी सांभाळले आणि कैदी दिलेही.

निवृत्त सैनिकांचे आवडते शहर हीही बंगळुरूची जुनी ख्याती आहे. राज्य सैनिक कल्याण विभागाचे कार्यालय फील्ड मार्शल करिअप्पा यांच्या नावाच्या रस्त्यावर, त्यांच्याच नावाच्या भवनात आहे. हा रस्ता म्हणजे जुना रेसिडेन्सी रोड. त्याच रस्त्याला जेथे ब्रिगेड रोड येऊन मिळतो, तेथे पायोनियर सैनिकांच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी स्तंभ आहे. खरेदीच्या गर्दीत त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

कोल्हापूर, कोडगू आणि कांगाव

मराठी वाचकाला या इतिहासात परके वाटण्याचे कारण नाही. बेळगावचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र हा त्यातील ठळक दुवा. या पलटणीच्या बटालियन इरिट्रियातील केरेनच्या कड्यांवर, इटलीत आणि मणिपूरच्या सीमेवर लढल्या. मार्च १९४४ मध्ये सांगशाक येथे जपानी फौजेला काही मोलाचे दिवस रोखून धरणाऱ्यांत मराठ्यांची चौथी बटालियन होती. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूच्या मशीनगनचा मोर्चा निकामी केला आणि तेथेच देह ठेवला. अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठावर जखमी सहकाऱ्यांना गोळ्यांच्या वर्षावातून बाहेर काढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांच्या नावाचे सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावी उभे राहिले. त्यासाठी गावच्या पालिकेने पुढाकार घेतला होता, हे विशेष.

बेळगावनेच ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहताना पाहिली. इंग्रजांनी बंद केलेले लष्कराचे दार पुन्हा उघडावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या दीर्घ प्रयत्नांचे ते फळ होते. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगाव येथे ५१व्या ब्रिगेडच्या तीन बटालियन तीन भारतीय अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली लढल्या. कोल्हापूरकडील शंकरराव थोरात, कोडगूचे के. एस. थिमय्या आणि एल. पी. सेन हे ते तिघे. पुढे थिमय्या लष्करप्रमुख झाले आणि थोरात पूर्व विभागाचे प्रमुख. सीमाप्रश्नावर मराठी आणि कन्नड माणूस किती टोकाला गेला तरी कांगावच्या टेकडीवर ते एका रांगेत होते, ही नोंद पुसली जाणार नाही.

पंधरा वर्षांची अट

युद्ध सुरू झाले तेव्हा सुमारे दोन लाखांची असलेली भारतीय फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. सक्तीची भरती न करता उभारलेली जगातील ती सर्वांत मोठी सेना मानली जाते. अखंड हिंदुस्थानच्या सुमारे ८७ हजार सैनिकांनी या युद्धात प्राण गमावले. युद्ध संपताच फौज झपाट्याने आटली. फाळणीच्या वेळी दोन देशांत वाटली गेली ती साधारण चार लाखांची सेना होती. म्हणजे वीस लाखांहून अधिक माणसे दोन-अडीच वर्षांत गणवेश उतरवून आपापल्या गावी परतली.

प्रश्नाचे मूळ येथेच आहे. शिपायाला लष्करी पेन्शनसाठी साधारणतः पंधरा वर्षांची सेवा लागते. १९४० मध्ये भरती होऊन १९४६ मध्ये मुक्त झालेल्या माणसाची सेवा भरते सहा वर्षे. त्याने केरेन पाहिलेले असो वा कोहिमा, नियमाच्या लेखी तो पेन्शनचा धनी ठरला नाही. ठरावीक रकमेचे ग्रॅच्युइटीचे पैसे आणि एक डिस्चार्ज पुस्तिका हातात घेऊन तो घरी आला. युद्धकाळात सरकारने लढाऊ सैनिकामागे दरमहा दोन रुपये आणि बिगरलढाऊ सैनिकामागे एक रुपया या हिशेबाने पुनर्वसन निधी बाजूला ठेवला होता. मात्र तो सामूहिक कल्याणासाठी होता. पुढे तो प्रांतांकडे, नंतर राज्यांच्या विशेष निधींकडे गेला. त्यातून सैनिकांसाठी वसतिगृहे, विश्रामगृहे यांसारख्या सोयी झाल्या, तरी ज्याच्या नावाने तो जमा झाला त्याच्या हातात थेट काही पडले नाही.

सन्मानचिन्हांची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले हरयाणाचे उमराव सिंग १९९५ मध्ये विजयदिनाच्या सुवर्णमहोत्सवासाठी लंडनला गेले असता त्यांनी पंतप्रधान जॉन मेजर यांच्याकडे पुरस्काराच्या तुटपुंज्या भत्त्याची तक्रार केली. हा भत्ता वर्षाला १६८ पौंड होता. त्याच वर्षी तो १,३०० पौंड करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धातील व्हिक्टोरिया क्रॉसचे अखेरचे भारतीय मानकरी असलेले उमराव सिंग २००५ मध्ये निवर्तले.

दोन गणवेश, दोन न्याय

या प्रश्नाला एक राजकीय पदरही आहे, आणि त्याविषयी सहसा मोकळेपणाने बोलले जात नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता देशाला युद्धात ओढले. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे बाहेर पडली. १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली. ज्या काळात देशाचे नेते तुरुंगात होते, त्या काळात साम्राज्याच्या गणवेशात लढलेल्या माणसाला स्वतंत्र भारताच्या स्मृतीत कोठे बसवायचे, हा पेच राज्यकर्त्यांना सुटला नाही. वास्तविक याच युद्धात तावूनसुलाखून निघालेल्या फौजेने १९४७ मध्ये काश्मीर वाचवले. करिअप्पा, थिमय्या, माणेकशा, अर्जन सिंग ही सारी नावे त्याच मुशीतून आली. अधिकाऱ्यांना स्वतंत्र भारताने डोक्यावर घेतले. शिपाई मात्र दोन इतिहासांच्या फटीत सापडला.

आझाद हिंद सेनेची कथा याच्या शेजारी ठेवली म्हणजे विसंगती स्पष्ट होते. सिंगापुरात पकडल्या गेलेल्या सुमारे चाळीस हजार भारतीय सैनिकांपैकी अनेक जण नेताजींच्या झेंड्याखाली गेले, तर अनेकांनी युद्धकैदी राहणे पत्करले. सावंतवाडीकडील जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेचे प्रमुख सेनाधिकारी होते. स्वातंत्र्यानंतर ते लोकसभेत आले आणि नेहरू मंत्रिमंडळात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. आझाद हिंदच्या सैनिकांना लष्करात परत घेतले गेले नाही. परंतु १९७२ च्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजनेत त्यांना स्थान मिळाले आणि ते सर्वथा न्याय्य होते. आरंभी या योजनेला वार्षिक पाच हजार रुपयांची उत्पन्नमर्यादा होती. १९८० मध्ये ती काढून टाकण्यात आली आणि योजनेच्या नावातच 'सन्मान' हा शब्द आला. मदतीचे रूपांतर मानात झाले. २०१६ मध्ये आझाद हिंदच्या सैनिकांसाठी ही रक्कम दरमहा २६ हजार रुपये आणि त्यावर महागाई सवलत अशी ठरवण्यात आली.

पेन्शन नसलेल्या माजी सैनिकासाठी केंद्राची जी प्रमुख योजना आहे तिचे नाव मात्र आजही 'दारिद्र्य अनुदान' असे आहे. वय ६५ च्या वर, पद हवालदार किंवा त्याखालचे आणि उत्पन्नाचे नियमित साधन नाही, असे सिद्ध करणाऱ्याला ते मिळते. ही रक्कम दीर्घकाळ दरमहा चार हजार रुपये होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ती दुप्पट करण्यास मंजुरी दिली आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून ती आठ हजार झाली. वाढ स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु रकमेइतकाच महत्त्वाचा आहे तो तिच्यामागचा भाव. शंभरीला टेकलेल्या माणसाला आपण गरीब आहोत हे सिद्ध करून ती घ्यावी लागते. स्वातंत्र्यसैनिकांच्या बाबतीत जे पाऊल १९८० मध्ये उचलले गेले, ते येथे अजून उचललेले नाही.

केंद्राचे की राज्यांचे?

संरक्षण हा विषय केंद्राचा. माजी सैनिकांचे कल्याण मात्र प्रत्यक्षात केंद्र व राज्ये मिळून पाहतात. राज्य व जिल्हा सैनिक मंडळांच्या आस्थापनेचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतला जातो. महाराष्ट्र, कर्नाटक, पंजाब आदी राज्ये दुसऱ्या महायुद्धातील पेन्शनविहीन सैनिकांना व त्यांच्या विधवांना स्वतंत्र मासिक मानधन देतात. तथापि प्रत्येक राज्याची रक्कम वेगळी आणि वाढीचे वेळापत्रकही वेगळे. परिणामी एकाच खंदकात लढलेल्या दोघांना मिळणारी रक्कम त्यांचे गाव पुढे कोणत्या राज्यात गेले यावर ठरते. १९५६ मध्ये मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगावच्या मराठी सैनिकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

वैद्यकीय सुविधेची गोष्टही बोलकी आहे. माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना एप्रिल २००३ मध्ये सुरू झाली ती पेन्शनधारकांपुरती. महायुद्धातील सैनिकांना तिचे दार मार्च २०१९ मध्ये, आणीबाणी कमिशन व अल्पसेवा कमिशनच्या अधिकाऱ्यांसोबत, मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उघडले. युद्ध संपून तेव्हा ७४ वर्षे झाली होती. 'समान पद, समान पेन्शन' हा प्रश्न २०१४ च्या निवडणुकीत गाजला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याचा आदेश निघाला. त्या आंदोलनात या पिढीला काही मिळण्यासारखे नव्हते. जेथे पेन्शनच नाही तेथे ती समान कशी होणार? संसदेत प्रश्न उपस्थित करून घेण्यासाठी जे संख्याबळ आणि जी संघटना लागते, ती या वृद्धांकडे कधी नव्हतीच.

स्मारकांतील रिकामी जागा

इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातील व अफगाण युद्धातील सैनिकांची नावे आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकावर स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची. बंगळुरूत नेहरू तारांगणासमोरच्या राष्ट्रीय लष्करी स्मारकातही स्वातंत्र्योत्तर बलिदानाचेच स्मरण आहे. या दोन टोकांच्या मध्ये १९३९ ते १९४५ हा काळ निसटतो. दिल्ली छावणीतील युद्ध दफनभूमीत या युद्धाच्या काळातील पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मरण केलेले आहे; पण ते राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या देखरेखीखाली, आणि त्याचे जुळे स्मारक कराचीत. फाळणीनंतर दोन्ही देशांनी मिळून या युद्धाचा अधिकृत इतिहास लिहून घेतला, ही आज अविश्वसनीय वाटणारी गोष्टही त्याच काळातली. कागदपत्रांचे मात्र वाटप झाले. ज्या पलटणी पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या, त्यांतील सैनिकाला आपली सेवा सिद्ध करणे अधिक अवघड झाले. इकडच्या पलटणींतही इंग्रजी कारकुनाने लिहिलेले नाव आणि आजच्या ओळखपत्रावरचे नाव जुळेलच, याची शाश्वती नसते.

आणि आता लाभार्थींचे स्वरूपही बदलते आहे. १९४५ मध्ये अठरा वर्षांचा असलेला तरुण २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णव वर्षांचा झाला. त्यामुळे हयात सैनिकांपेक्षा त्यांच्या विधवांचा प्रश्न मोठा होत जाणार. पती कोणत्या आघाडीवर होता हे त्यांतील अनेकींना ठाऊक नसते. डिस्चार्ज पुस्तिका ट्रंकेच्या तळाशी असते किंवा घराच्या वाटण्यांत हरवलेली असते. तरीही अर्ज त्यांनीच करायचा, पुरावा त्यांनीच द्यायचा, अशी आपली रीत आहे.

अमेरिकेत महायुद्धातील १ कोटी ६४ लाख सैनिकांपैकी किती उरले, याचा अंदाज तेथील माजी सैनिक खाते दरवर्षी मांडते. २०२४ मध्ये तो आकडा सुमारे ६६ हजार होता. ब्रिटनने २०१८ मध्ये राष्ट्रकुल देशांतील स्वातंत्र्यपूर्व फौजांत राहिलेल्या गरजू वृद्ध सैनिकांसाठी व विधवांसाठी सुमारे १ कोटी २० लाख पौंडांची तरतूद केली, ती त्यांना दोन वेळचे जेवण मिळावे म्हणून. आपल्याकडे जिल्हा सैनिक मंडळांच्या वह्यांत नोंद असते ती बहुतांशी अर्ज करणाऱ्यांची. ज्याने कधी हात पसरला नाही, तो त्या यादीत येत नाही.

या साऱ्यावर नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. केंद्रीय सैनिक मंडळाने सर्व जिल्ह्यांना एक परिपत्रक धाडून हयात सैनिक व विधवांची घरोघर जाऊन नोंद घ्यावी. बंगळुरू, बेळगाव व अन्य केंद्रांच्या अभिलेख कार्यालयांनी सेवेची पडताळणी स्वतःहून करावी. आणि उत्पन्नाचा दाखला मागणे थांबवून १९८० च्या धर्तीवर अनुदानाला सन्मानवेतनाचे रूप द्यावे. इतके केले तरी पुरे. त्याचा तिजोरीवरील भार दरवर्षी आपोआप कमी होत जाणार आहे, हे अर्थखात्याला सांगण्याचीही गरज नाही.

करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी सेवानिवृत्त झाले. तो दिवस आता माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. बंगळुरूसह देशभरच्या छावण्यांत मेळावे भरतात, सत्कार होतात. महायुद्धातील सैनिकांसाठी राखलेल्या पहिल्या रांगेतील खुर्च्या वर्षागणिक कमी होत आहेत. परिपत्रक निघायचे असेल तर ते त्या खुर्च्यांवर कोणीतरी बसलेले असतानाच निघायला हवे.